कादंबरी संथ आहे, म्हणजे नेमकं काय आहे?

२४ सप्टेंबर २०२५ रोजी कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा गेले आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी वाचकांत एक जुना वाद पुन्हा वर आला. त्यांच्या विचारांबद्दलचा वाद वेगळा; तो कधी थांबलाच नव्हता. हा वाद त्यांच्या कादंबऱ्यांच्या संथ चालीचा आहे. एक बाजू म्हणते, भैरप्पा पानं भरतात. शंभर पानं उलटली तरी गोष्ट उंबरा ओलांडत नाही. माणूस उठतो, अंघोळ करतो, संध्या करतो, विचारात पडतो, झोपतो. दुसरी बाजू म्हणते, तुम्हाला वाचताच येत नाही. मोबाईलनं तुमचा संयम खाल्लाय, तुम्ही आपले रील बघत बसा. वाचनालयाच्या काउंटरपाशी, कडोली-उचगाव-येळ्ळूरच्या संमेलनांत मांडवाच्या कडेला चहा पिताना, हेच दोन सूर आळीपाळीनं ऐकू येतात. पहिल्याला वाटतं त्यानं लेखकाची चोरी पकडली; दुसऱ्याला वाटतं त्यानं साहित्याची अब्रू राखली. कादंबरीबद्दल मात्र दोघंही काहीच बोललेले नसतात.

दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे, की संथपणा ही एकच वस्तू आहे आणि ती एकतर वाईट असते किंवा थोर. माझं म्हणणं असं, की संथपणाला स्वतःची किंमत नाही. गोष्ट पुढे सरकत नसताना पानावर दुसरं काही काम चाललेलं असतं किंवा नसतं, आणि ते पुस्तक उघडून तपासता येतं. भैरप्पांच्या चांगल्या कादंबऱ्यांत ते काम चाललेलं असतं. जिथं चालत नाही तिथं त्यांच्या चाहत्यांनी संयमाचे पाठ देऊ नयेत. तिथं वाचक कंटाळला तर चूक लेखकाची.

'वंशवृक्ष' (१९६५) घ्या. कथानक सांगायला चार वाक्यं पुरतात. नंजनगूडच्या श्रीनिवास श्रोत्रींचा तरुण मुलगा कपिला नदीत बुडून जातो. त्याची विधवा कात्यायनी म्हैसूरच्या कॉलेजात जाऊ लागते, तिथं राजा या तरुणात गुंतते आणि त्याच्याशी लग्न करते. तिचा लहान मुलगा आजोबांकडेच राहतो. पुढच्या संसारात तिचे गर्भ टिकत नाहीत, ती खंगत जाते आणि मरते. या चार वाक्यांवर एक रडका चित्रपट बेतता येईल, आणि त्यात सासरा एकतर देव असेल किंवा खलनायक. कादंबरीत तो दोन्ही नाही. याचं श्रेय कथानकाला देता येत नाही, कारण कथानक तेच आहे. ते द्यावं लागतं त्या पानांना, ज्यांच्यावर 'काही घडत नाही' असा आरोप आहे.

कात्यायनी नंजनगूडहून म्हैसूरला रेल्वेनं जाते आणि संध्याकाळी परत येते. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. ही ये-जा पुन्हा पुन्हा येते, आणि अधीर वाचक इथंच पानं चाळू लागतो. पण या ये-जामुळेच तिचा निर्णय एखाद्या प्रसंगात 'घडत' नाही. रोज सकाळी ती एक घर सोडते आणि रोज संध्याकाळी त्याच घरात परतते; घर तिला छळत नाही, उलट सांभाळतं, आणि ते सोडणं म्हणूनच अवघड होत जातं. छळणारी सासू दाखवली असती तर वीस पानांत काम भागलं असतं, आणि कादंबरी वीस पानांच्याच लायकीची झाली असती. पुढे ती मुलाला न्यायला येते तेव्हा श्रोत्री तिला अडवत नाहीत. निर्णय तिच्यावर सोपवतात, आणि ती मुलाला न घेता परतते. हा प्रसंग छातीवर येतो तो आधीच्या सगळ्या पानांत या माणसाचा आवाज कधी चढलेला नाही म्हणून. ती पानं काढा आणि मग हा प्रसंग वाचा. श्रोत्रींचं न अडवणं ही सासऱ्याची चतुराई वाटेल, किंवा लेखकानं चिकटवलेली साधुगिरी. हीच तपासणीची पहिली पद्धत: पान काढून पाहायचं आणि विचारायचं, पुढचं कुठलं वागणं आता खोटं वाटू लागलं? काहीच खोटं वाटत नसेल, तर ते पान भरताड होतं, लेखक कितीही मोठा असो.

त्याच कादंबरीत सदाशिवराव नावाचे प्राध्यापक भारताच्या सांस्कृतिक इतिहासाचे खंडामागून खंड लिहीत असतात. ही पानं रूक्ष आहेत, कबूल. पण त्यांच्या बायकोला, नागलक्ष्मीला, ती तशीच वाटत असतात. नवऱ्याचं आयुष्य ज्यात चाललंय त्यात आपल्याला प्रवेश नाही हे तिचं दुःख, आणि वाचकही त्या खंडांच्या दाराबाहेरच उभा असतो. ते काम ज्या श्रीलंकन विद्यार्थिनीला कळतं, तिच्याशी सदाशिवराव पुढे लग्न करतात, तेव्हा संताप येतो आणि त्या लग्नाचं कारणही कळतं. एखाद्या पानावर नक्की कोण पाहतंय, कुणाला कंटाळा येतोय, हे विचारणं ही दुसरी तपासणी. पात्राचा कंटाळा वाचकाला लागला तर लेखकाचं काम झालं. पात्र मजेत आणि कंटाळा एकट्या वाचकाला, तर गडबड आहे.

तिसरी गोष्ट फारशी कुणी बघत नाही. संथ लेखक कुठं संथ आहे यापेक्षा तो कुठं वेगानं जातो हे जास्त बोलकं असतं. 'गृहभंग'मध्ये (१९७०) नंजम्मा आपल्या निकम्म्या नवऱ्याच्या नावानं गावच्या शानभोगकीचं दप्तर लिहिते. शानभोग म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी. बेळगावकडच्या वाचकाला हे दप्तर समजावून सांगावं लागत नाही. हिशेब लिहिणं, पत्रावळी लावून चार पैसे जोडणं, सासूच्या शिव्या, दिराचं आयतं खाणं, कुणाच्या पानात काय पडलं: यावर पानंच्या पानं जातात. आणि प्लेग येतो, हाताशी आलेली मुलं जातात, तेव्हा गद्य अडखळत नाही. कोरडं होतं, आटोपशीर होतं. दुसऱ्या कुणी तिथं पन्नास पानांचा आक्रोश मांडला असता. भैरप्पांना त्याची गरज नाही, कारण या घरात कोण राबतं आणि कोण नुसतं खातं याचा हिशेब आधीच्या पानांनी पुरा केलेला असतो. आता काय गेलं हे वाचकाला सांगत बसावं लागत नाही. ज्या लेखकाला खरोखर पानंच भरायची असतात, तो मृत्यूचा प्रसंग कधी थोडक्यात उरकेल का?

आता 'पुढे काय होतं' या भुकेकडे येऊ, कारण 'गोष्ट सरकत नाही' या तक्रारीच्या तळाशी तीच आहे. कादंबरी वाचायची ती पुढे काय होतं हे कळण्यासाठी, असं मानलं तर महाभारतावरची 'पर्व' (१९७९) कुणी उघडायलाच नको होती. महाभारतात पुढे काय होतं हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तरी ही जाडजूड कादंबरी कन्नडात आणि मराठीत माणसं वाचत आली. रणजित देसाईंचं कोवाड बेळगावहून हाकेच्या अंतरावर. 'स्वामी' (१९६२) हातात घेणाऱ्या कुठल्या वाचकाला माधवराव थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार हे माहीत नव्हतं? आणि बेळगाव जिल्ह्याची लोककला बघा. श्रीकृष्ण पारिजात हा खेळ गोकाककडच्या कुलगोडच्या तम्मण्णांच्या नावाशी जोडलेला. सत्यभामा रुसणार, कृष्ण समजूत काढणार, फूल येणार. पाहणाऱ्या दर माणसाला पुढचं ठाऊक. तरी रात्र रात्र तो रुसवा चालतो आणि पटकुरं अंथरून बसलेली माणसं हलत नाहीत. बैलहोंगलकडच्या खुनावर उभं राहिलेलं 'संग्या-बाळ्या' बघायला येणाऱ्याला खून कुणाचा झाला आणि कुणी केला हे घरूनच माहीत असतं. त्याला बघायचं असतं, हा माणूस त्या थराला पोचला कसा. ही आवड पुस्तकी माणसांची नव्हे, या मातीतल्या कष्टकऱ्यांची. मग संथ, माणसाभोवती फिरणारी गोष्ट 'सामान्य वाचकाला झेपत नाही' हा निष्कर्ष आला कुठून?

इतकं झाल्यावर दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवायला उठतील, तर त्यांना खाली बसवलं पाहिजे. संयमाचा त्यांचा सिद्धान्त तितकाच पोकळ आहे. पूर्वीचा वाचक धीराचा होता, आताचा उतावळा, असं ते सांगतात. पूर्वी म्हणजे कधी? हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० साली सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून हप्त्याहप्त्यानं आली. यमुनेचं आयुष्य अतिशय सावकाश उलगडतं, पण वाचकाला ते एका बैठकीत गिळायचं नव्हतं. आठवड्याला एक घास होता आणि पुढच्या घासापर्यंत घरात त्यावर बोलणं होई. त्या वाचकाचा धीर अंकाच्या तारखेनं बांधलेला होता. पुढच्या काळात, ज्याला वाचनाचं सुवर्णयुग म्हणायची पद्धत आहे, बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा वाचनालयांतून झडप घालून नेल्या जात. झुंजार आणि काळापहाड वाचणारे हात आणि खांडेकर-देसाई वाचणारे हात एकाच घरातले, पुष्कळदा एकाच माणसाचे. वेगाची भूक मोबाईलनं जन्माला घातलेली नाही. आणि उलटही बघा. ज्यांना संथ कादंबरी सोसत नाही असं म्हणतात, तेच लोक रोज रात्री एका लग्नाची गोष्ट शेकडो भाग बघतात. तिथं धीर कुठून येतो? मालिकेत एक चिठ्ठी सापडायला तीन आठवडे लागतात; ती सापडल्यावर कुणी तसूभर बदललेलं नसतं. संथ कादंबरीत आणि लांबवलेल्या मालिकेत फरक वेळाचा नाही. मालिकेत माणूस आहे तसाच राहतो आणि प्रसंग पुढे ढकलला जातो. 'गृहभंग'मध्ये प्रसंग आहे तिथं असतो आणि नंजम्मा आतून सरकत असते. प्रेक्षकाला हे दाखवून दिलं तर कळतं. पण दाखवून देण्याऐवजी त्याला अडाणी ठरवणं सोपं पडतं, कौतुकाच्या भाषणात तर फारच.

संगीताचा दाखलाही याच भाषणांत ठरलेला. भैरप्पांनी 'मंद्र' लिहिली, त्या कादंबरीला सरस्वती सन्मान मिळाला, आणि हा मुलूख कुमार गंधर्वांच्या सुळेभावीचा. मग विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाची उपमा सुटते कशाला! उपमा चालेल, पण ती पुरती लावा. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा, प्रत्येकीचे चार भाग धरले तर अठ्ठेचाळीस, आणि एवढं लांबलेलं आवर्तनही समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अचूक येतं. श्रोता शांत बसतो तो गवई कितीही रेंगाळला तरी ठेका चालू आहे हे कानाला कळत असतं म्हणून. ठेका सोडून रेंगाळणाऱ्या गवयाला याच गावांत लोकांनी उठवलेलं आहे. कादंबरीकारालाही तीच अट लागू. या उपमेचा वापर करणारे नेमका ठेका विसरतात.

आणि भैरप्पांचा ठेका सुटतो, हे मान्य करायला हवं. विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथं आहे आणि गंमत म्हणजे ते तो क्वचितच मांडतात. 'आवरण'मध्ये (२००७) कादंबरीच्या पोटात कादंबरी आहे, आणि संदर्भग्रंथांची यादीही आहे. तिथं पानं थांबतात ती माणसासाठी थांबत नाहीत. वाद सिद्ध करण्यासाठी थांबतात. पात्र बोलू लागतं आणि थोड्या वेळानं बोलणारं पात्र कोण होतं हे लक्षात ठेवायची गरज उरत नाही. समोरचं पात्र हरण्यासाठीच उभं केलेलं असतं. लेखकाच्या मताशी सहमत असलेला वाचकही हे नाकारू शकणार नाही, आणि मत पटलं म्हणून पान चांगलं होत नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या लेखकाला चर्चा हाच प्रसंग वाटणं स्वाभाविक आहे. पण कादंबरीतली चर्चा जिवंत राहते ती बोलणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असेल तोवरच. 'आवरण' खूप खपली, यावरून तिच्या संथ पानांचं समर्थन होत नाही. उलट, ती इतक्या झपाट्यानं वाचली गेली कारण वाचक माणसांसाठी थांबलेच नाहीत, वादासाठी पुढे गेले.

याहून खोलवर जाणारा आक्षेपही आहे. संथ लेखन वाचकाला बेसावध करतं. इतक्या पानांचा सहवास झाला की लेखकाचा निवाडा हा आयुष्याचाच निवाडा वाटू लागतो. कात्यायनीचे गर्भ गळतात आणि ती मरते. हे 'असंच होतं' म्हणून स्वीकारलं जातं, पण तसं व्हायला कुठलाही निसर्गनियम नव्हता. ते लेखकानं लिहिलं. विधवेनं पुन्हा लग्न केलं आणि तिला मूल लाभलं नाही, हे वाक्य कीर्तनात ऐकलं असतं तर आपण चवताळून उठलो असतो. तेच तीनशे पानं खर्चून सांगितलं तर आपण डोळे पुसतो. हा आक्षेप खोटा नाही. पण त्याला उत्तरही त्याच पानांत आहे. घाईनं सांगितलेल्या गोष्टीत लेखकाच्या निवाड्याविरुद्ध वापरायला काही सापडत नाही. संथ गोष्टीत पुरावा साठतो, आणि पुरावा लेखकाचं ऐकत नाही. नागलक्ष्मीनं कुठला धर्म मोडला होता? तरी ती होरपळते. श्रोत्रींच्या घराची जी वंशशुद्धी कात्यायनीसमोर उभी केली जाते, तिचं मूळच गढूळ निघतं, तेही खुद्द श्रोत्रींच्या जन्माच्या कहाणीतून. कात्यायनीला शिक्षा झाली असं वाटणाऱ्याला, ती शिक्षा अन्यायाची होती हे सिद्ध करायचं साहित्य याच पुस्तकात मिळतं. लेखकाशी भांडायची सोय लेखकानंच करून ठेवावी, एवढं संथपणाकडून मागता येतं, आणि 'वंशवृक्ष' ते देते.

सीमाभागात या वादाला अजून दोन-तीन गाठी आहेत. एक उघड आहे आणि ती लवकर उरकू. १९५६ पासून ज्या भागात पाटी कुठल्या भाषेत हा प्रश्न पोलिसांपर्यंत जातो, तिथं कन्नड लेखकाबद्दलची नावड किंवा आवड नुसती वाङ्मयीन राहणं कठीण. कुणी भैरप्पांना कंटाळवाणे म्हणतं तेव्हा ते कन्नडबद्दल बोलतंय, त्यांच्या राजकारणाबद्दल की पुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल, हे विचारून घ्यावं. भैरप्पांना मराठी घरांत आणणाऱ्या अनुवादिका उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या, एवढं आठवलं तरी पुष्कळ आवेश ओसरतो.

दुसरी गाठ नावांची आहे. पुण्यातला वाचक 'गृहभंग' उघडतो तेव्हा गंगम्मा, नंजम्मा, चेन्निगराय, अप्पण्णय्या ही नावं त्याच्या डोळ्यांत एकमेकांत मिसळतात. कोण कुणाची सून हे आठवायला तो मागची पानं उलटतो, पुन्हा पुढे येतो, दमतो, आणि पुस्तक संथ आहे म्हणतो. ही गती पुस्तकाची नाही, त्याच्या शोधाशोधीची आहे. गोकाक, चिकोडी किंवा खुद्द बेळगावातल्या शहापुरातल्या वाचकाच्या शेजारात अशा नावांची माणसं राहतात; त्याची ही अडचण बरीच कमी. तरीही उपाय साधा: पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं घराण्याचा तक्ता काढायचा, नवीन माणूस आला की भर घालायची. 'पर्व'मध्ये नावं ओळखीची, पण तिथं अडचण उलटी होते. भीम म्हटला की डोक्यात आधीचाच भीम उभा राहतो, आणि भैरप्पांचा थकलेला, आठवणींत चिडचिडणारा भीम त्याच्या आड जातो.

तिसरी गाठ बोलीची. ज्या कादंबरीत घटना कमी, तिथं वाचकाला धरून ठेवतं ते पात्रांचं बोलणं. 'गृहभंग'मधली भाषा जुन्या म्हैसूर संस्थानाकडच्या खेड्यांची. बेळगावचं कन्नड बोलणाऱ्यालाही ती परकी लागते. गंगम्माच्या शिव्यांना मूळ बोलीत जी धार आणि जो वेग आहे, तो कुठल्याही अनुवादात थोडा तरी बोथट होणार. शिवी बोथट झाली की प्रसंग जड होतो. म्हणजे 'संथ वाटतं' या तक्रारीतला काही भाग भाषांतराच्या वाटेत सांडलेल्या वेगाचा आहे. ज्यांना दोन्ही लिप्या येतात, आणि इथल्या शाळांमुळे पुष्कळांना येतात, त्यांनी एखादं प्रकरण दोन्हीत वाचून पाहावं. ही सोय सातारा-पुण्याच्या वाचकाला सहसा नाही.

याच संदर्भात उमा कुलकर्णींच्या कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर मोठ्यानं वाचत, ध्वनिमुद्रित करून ठेवत, आणि उमाताई तो ऐकून मराठी लिहीत. म्हणजे मराठीतले भैरप्पा डोळ्यांनी वाचून उतरलेले नाहीत, कानांनी ऐकून उतरले आहेत. आपण मात्र ते मनातल्या मनात, डोळे सरसर खाली नेत वाचतो. त्या गतीला ही वाक्यं पुरत नाहीत. लागोपाठची दोन वाक्यं तेच सांगताहेत असं वाटतं. मोठ्यानं वाचली की पहिल्या वाक्यात माणूस एक विचार करतो आणि दुसऱ्यात त्याच विचारापासून पाऊलभर मागे सरकतो, हे ऐकू येतं. हे पटत नसेल तर श्रोत्री आणि कात्यायनी यांच्यातला कुठलाही संवाद घरात दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा.

आता वाचनालयांचा प्रश्न, कारण या वादाचं सार्वजनिक टोक तिथं आहे. जाड कादंबऱ्या कुणी नेत नाही, नेल्या तर अर्ध्या वाचून परत येतात, म्हणून त्या घेणं थांबवावं किंवा संक्षिप्त आवृत्त्या काढायला सांगावं, असं म्हणणारे आता समित्यांवरही आहेत. आधी साधा हिशेब करू. कादंबरी सहाशे पानांची, पानाला तीनशे शब्द धरले तर एक लाख ऐंशी हजार शब्द. मिनिटाला दीडशे शब्दांनी, म्हणजे रमत नव्हे पण लक्ष देऊन, वाचलं तर वीस तास. नोकरी-धंदा, शेती, घर सांभाळून रोज चाळीस मिनिटं काढणाऱ्याला तीस दिवस लागतात. पुस्तक घरी ठेवायची मुदत पंधरा दिवसांची असेल, तर तिनशेव्या पानावर, जिथं आधीच्या संथ पानांची वसुली सुरू व्हायची तिथंच, वाचक पुस्तक परत करतो. त्याला मिळतो नुसता खर्च. जमा दुसऱ्या पंधरवड्यात होती. मग तो म्हणतो, काहीच घडत नाही. त्यानं वाचलेल्या अर्ध्यात खरंच घडत नसतं. मुदतवाढ मागता येते, पण मागायला लाज वाटते, आणि रांगेत दुसरा असेल तर ती मिळत नाही. पाचशे पानांवरच्या पुस्तकाला पहिल्यापासूनच महिन्याची मुदत द्यायला एक ठराव पुरतो.

संक्षिप्त आवृत्तीचं काय? 'पर्व'ची करून बघा. सुरुवात मद्र देशात, म्हाताऱ्या शल्याच्या घरात होते. युद्ध दूर आहे, कृष्ण नाही, अर्जुन नाही. घरातल्या मुलीच्या लग्नाची, कन्याशुल्काच्या रिवाजाची बोलणी चालली आहेत. कात्री चालवणारा पहिला हात इथंच मारेल. मारला की काय जातं? हे युद्ध देवांचं नसून घराघरांतल्या सोयरिकी, अपमान आणि देण्याघेण्याचं आहे, ही सगळ्या कादंबरीची पायाभरणी जाते. दुसरा हात पडेल कुरुक्षेत्रावरच्या छावण्यांच्या वर्णनावर: लाखो माणसांचं खाणं कुठून आणायचं, ती शौचाला कुठं बसणार, दुर्गंधी किती, मेलेल्यांचं काय करायचं. ही पानं वाचवत नाहीत, हे खरंच आहे. पण ती काढली तर उरतं ते शंख फुंकणारं, रथ उडवणारं महाभारत, आणि ते वाचायला भैरप्पांची काय गरज? तेवढं तर प्रत्येक घरात आहेच. उलट 'आवरण'मधल्या वादविवादांतून शंभर पानं काढली तर कादंबरीला इजा होणार नाही असं मला वाटतं. कापणं हे पाप आहे असं नाही. पण संक्षेप करणारा नेहमी गोष्ट ठेवतो आणि माणूस कापतो, कारण गोष्ट सांगता येते.

संमेलनांतल्या पुस्तक-परिचयाचंही तेच होतं. वक्त्याला पाऊण तास मिळतो. तो पस्तीस मिनिटं कथानक सांगतो, पाच मिनिटं 'समाजमनाचा वेध' घेतो आणि उरलेल्या पाचांत आभार मानतो. रहस्यकथा अशा परिचयातही बरी दिसते. 'गृहभंग'चं कथानक मात्र सात मिनिटांत संपतं, म्हणून वक्ता ते फुगवतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्यासाठी इतकी पानं? अशा पुस्तकांची ओळख करून द्यायची रीतच बदलायला हवी. कथानक घडी करून ठेवावं. एक प्रकरण निवडावं, नीट वाचता येणाऱ्या माणसाकडून वीस-पंचवीस मिनिटं मोठ्यानं वाचून घ्यावं, आणि मग विचारावं: यातलं कुठलं पान काढू? कोण कुठलं पान सुचवतो आणि दुसरा कोण 'ते नको' म्हणतो, यातून जी चर्चा होईल ती संयमाच्या भाषणांपेक्षा खरी असेल. नव्या वाचकाला पहिल्याच झटक्याला 'पर्व' देऊ नये. 'गृहभंग' द्यावी, तिच्यात घर लवकर ओळखीचं होतं. सभेत वाचायला मात्र शल्याचं घरच घ्यावं, कारण कात्री तिथंच आधी पडणार आहे. वाचून झाल्यावरही ती पानं नकोत असं निम्म्या सभेनं म्हटलं, तर म्हणू द्यावं; फक्त का नकोत हे त्यांनी पान दाखवून सांगावं.